दोन गणपती बघितलेला जिताडा

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर चिंबोरी चालल्यासारखं, ओळीवर सुरू होतं आणि ओळ संपेपर्यंत आडवं निघून जातं. ही वही माझ्यापुरतीच आहे. पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवते. तरी कधी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. चार माणसं समोर आली की मला शब्द सुचत नाहीत. लिहिताना तेवढं होत नाही. आणि आत्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. पण सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं, तिच्यापेक्षा मोठे म्हातारेसुद्धा. आमचं गाव खाडीच्या काठाला, ठाण्याच्या माजिवड्यापासून पायी पाऊण तास. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात ती सासर सोडून माहेरी आली आणि मग जन्मभर इथेच राहिली. का आलीस म्हणून कुणी विचारलं तर सांगायची, "तो मानूस माशाचं डोकं टाकून द्यायचा." यापलीकडे दुसरं कारण मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि तिला ते पुरेसं वाटायचं.

ती ठेंगणी होती, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली. डावा डोळा लहानपणी माशाचा काटा लागून अर्धा मिटलेला. त्यामुळे ती तुमच्याकडे बघायला लागली की भाव करतेय का चेष्टा करतेय हे समजायचं नाही.

तिला वर्षं मोजता येत नव्हती असं नाही, पण ती गणपती मोजायची. "माजं लगीन झालं तवा मी चौदा गणपती बघितलेलं." "ही साडी पाच गणपती टिकली." माशांचं वयसुद्धा ती तसंच सांगायची. जिताडा हातात घेतला की त्याचा एक खवला नखानं काढायची, सूर्यासमोर धरायची आणि मिटलेला डोळा आणखी मिटून बघायची. "ही बघ एक रेघ. ही दुसरी. ह्यानं दोन गणपती बघितलं." मी पुष्कळदा तो खवला हातात घेऊन पाहिला. मला कधी एकही रेघ दिसली नाही. मी मान हलवायचे.

जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला मानाचा मासा. पावसाळ्यात त्याची पिल्लं खाडीत शिरतात तेव्हा बोटाएवढी असतात. तिवरांच्या मुळांमधे लपून राहतात, तिथेच खाऊन वाढतात. त्यांना तीन-चार वर्षं कुणी छळलं नाही तर एकेक मासा खांद्यावर घेऊन चालावं लागतं. आत्याचा नियम एकच. ज्या जिताड्यानं दोन गणपती बघितले नाहीत त्याला हात लावायचा नाही. जाळ्यात आला आणि जिवंत असला तर परत सोडायचा. त्यासाठी ती एक ॲल्युमिनियमचा हंडा जवळ ठेवायची. सकाळी होड्या काठाला लागल्या की हंड्यात पाणी भरून ती प्रत्येक होडीपाशी जायची आणि दुसऱ्यांच्या माशांतून पिल्लं उचलायची. पुरुष ओरडायचे.

"आत्या, आमचं म्हावरं हाय ते!"

"तुमचं? त्याच्या आईला इचारलंस?"

मग ते हसायचे, आणि ती चिखलातून हंडा डोक्यावर घेऊन खाडीच्या वरच्या फाट्याकडे निघायची. तिच्याशी भांडून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मला खाडीचं काही कळत नव्हतं. माझं माहेर शहाडजवळ, नदीकाठी. माझा बाप नदीतले मासे धरायचा. नदीचे मासे वेगळे, खाडीचे वेगळे. आल्यावर पहिल्याच महिन्यात आत्याचं ते पिल्लं सोडणं बघून मला वाटलं, या घराची रीतच आहे, आपणही करावं. एके दिवशी नवरा टोपलीभर बारीक चकचकीत मासे ठेवून जेवायला गेला. एकेक मासा माझ्या करंगळीएवढा. मी कुणाला न विचारता सगळी टोपली उचलली, काठावर गेले आणि खाडीत ओतली. मासे तर मेलेले होते. ते पाण्यावर चांदीसारखे पसरले, आणि कुठून कुठून घारी आणि बगळे आले, नुसती जत्रा. आत्या धावत आली.

"काय केलंस गो?"

"पिल्लं सोडली," मी म्हटलं.

ती तिथेच चिखलात बसली आणि पोट धरून हसली. "अगो बाय, ती मांदेली हाय! तिची आजी पन यवरीच असते!"

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण आत्यानं त्या दिवसापासून मला आपल्याबरोबर माजिवड्याच्या नाक्यावर न्यायला सुरुवात केली. म्हणाली, "हिचं मन बरोबर हाय, फक्त मासा चुकला."

नाक्यावर मी काय विकणार? माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही. मी मासे साफ करायचे, बर्फ फोडायचे, आणि आत्या बोलायची. गिऱ्हाइकांशी ती अशी बोलायची की नवीन माणूस रागावून जायचा आणि जुना माणूस तेच ऐकायला परत यायचा. एकदा एक बाई लहान जिताडे मागायला लागल्या. त्यांना भरून करायचे होते.

"नाय," आत्या म्हणाली.

"अहो, त्या पलीकडच्या बाईकडे आहेत की!"

"मग तिच्याकडनं घे. तुज्या घरी बारसं हाय का?"

"नाही, का?"

"नाय, येवढी लहान लेकरं ताटात घेतंस म्हनून इचारलं."

दुसरे एक गिऱ्हाईक होते, स्कूटरवरून यायचे, कुठल्या तरी कंपनीत साहेब होते. ते रविवारी मासे घेताना आत्याला पेपरातल्या गोष्टी सांगायचे. एकदा म्हणाले, "आत्या, तुमचा धंदा आता संपणार. पुढे सगळे मासे तळ्यात पाळणार. खाडीत, समुद्रात कुणी जायलाच नको. कोंबड्यांसारखं."

आत्या बोय मासा कापत होती. कोयता थांबवून तिनं विचारलं, "तल्यात जिताडा पालनार?"

"पाळतातच की काही ठिकाणी."

"पालूं दे. मी काय नाय म्हनते? पन तल्यात सोडायला पिल्लू कुठनं आननार, साहेब?"

साहेबांनी स्कूटरची किल्ली बोटात फिरवली.

"खारीतनंच ना? मग ते पिल्लू हितं कोनीतरी ठेवलं पायजे. आनि तल्यातल्या माशाला खायला काय घालनार? बारीक म्हावरंच ना? म्हंजे तिकरचा एक खायला हिकरची धा मारा." तिनं परत बोय कापायला घेतली. "पेपरात ह्ये पन छापायला सांगा."

साहेब पुढे पुष्कळ वर्षं आमच्याकडेच यायचे. मी त्या दिवशी मान खाली घालून ऐकत होते, पण ते सगळं मला आतपर्यंत पटलं, कारण माझ्या माहेरी मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला नदीचे मासे अंडी घालायला उलट्या पाण्यानं वर चढतात. आमच्याकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. सगळं गाव कंदील, काठ्या, टोपल्या घेऊन ओढ्यांवर जायचं. अंड्यांनी फुगलेले मासे पोत्यानं आणायचे. चवीला काय ते! आम्ही पोरं अंडी भाजून खायचो. कुणी म्हणालं नाही की एखादी तरी जोडी वर जाऊ द्या. मग एका बाजूनं नदीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं आणि दुसऱ्या बाजूनं आम्ही होतोच. माझ्या लग्नाच्या वर्षी बापानं जाळं पोटमाळ्यावर टाकलं आणि गिरणीत हमालीला गेला. त्याला कुणी दोष दिला की म्हणायचा, कारखान्यानं मारलं. ते खरंच आहे. पण आम्ही खाल्लेली अंडी मला आठवतात.

आता ज्या गोष्टीनं आमच्या घराची झोप उडाली ती सांगते.

नवऱ्याची होडी कुजली होती. जाळं पण जुनं, सुताचं. त्यानं ठाण्याच्या बाजारातल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याकडून सहा हजार उचल घेतली. त्याला सगळे शेठ म्हणायचे. त्या पैशात होडी दुरुस्त झाली, आणि शेठनंच एक नवीन नायलॉनचं जाळं दिलं. जाळं कसलं, मच्छरदाणीच! करंगळीचं टोक जाणार नाही एवढी बारीक भोकं. अट अशी, की पैसे फिटेपर्यंत त्या जाळ्यात येईल ते सगळं शेठला द्यायचं, शेठ ठरवेल त्या भावानं. मोठे मासे तो बाजारात विकायचा, आणि बारीक सारीक, पिल्लं, सगळं वाळवून कोंबड्यांच्या खाद्याला पाठवायचा. भाव एवढा कमी, की दोन वर्षं झाली तरी सहा हजारांतले हजार पण उतरले नाहीत. ते उतरावेत म्हणून नवरा दोन्ही ओहोट्यांना जायचा. दिवसाची आणि रात्रीची, एक चुकवायचा नाही. आणि जितका जास्त जायचा तितकी पिल्लं जास्त मरायची, आणि खाडीत मासा कमी व्हायचा. हे चक्र मला कळत होतं. नवऱ्यालाही कळत होतं. तो बोलायचा नाही, नुसता बारीक होत चालला होता.

आत्यानं जाळं पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल, कालवं काढायला." आम्ही वरच्या फाट्याकडे गेलो. तिथे खाडीचं एक चिंचोळं पाणी तिवरांच्या आत शिरतं. जिताड्याची पिल्लं वाढतात ती तिथेच. तिच्या टोपलीत कालवं फोडायचा कोयता होता, आणि त्याच्याखाली एक नारळ, शेंदराची पुडी आणि दोरीवरून ओढून आणलेलं एक लाल फडकं. मला म्हणाली, "बांबू धर." मी बांबू धरला. तिनं फाट्याच्या तोंडाला चार दगड मांडले, त्यांना शेंदूर लावला, बांबूला फडकं बांधून उभा केला, नारळ फोडला. खोबऱ्याचा एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं सांगितलं, की देवी स्वप्नात आली. देवी म्हणाली, आषाढ लागल्यापासून नारळी पुनवेपर्यंत या पाण्यात कुणी जाळं टाकायचं नाही. दर्यावर जाणारे कोळी त्या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतातच. खाडीत आम्ही बारा महिने धरायचो. त्यामुळे लोकांना वाटलं, देवीचं म्हणणं काही चुकीचं नाही, आपणच आजवर चुकत होतो. आत्याशी कुणी भांडत नव्हतं, तर देवीशी कोण भांडणार!

मी तिला एकटी गाठून विचारलं, "आत्या, खरंच स्वप्न पडलं?"

ती म्हणाली, "सपान तर सगल्यांनाच परतान. मी जागेपनी बघितलं, यवराच फरक."

देवी दर वर्षी नवीन काहीतरी सांगायला लागली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, पुनवेनंतरही फाट्यात जाळं नको, गळ चालेल. कारण गळाला मोठाच मासा लागतो, पिल्लू लागत नाही. तिसऱ्या वर्षी कुणी घंटा आणून बांधली, आणि गावातली मुलं म्हणाली इथे लाउडस्पीकर लावून मोठी पूजा घालू. देवीनं ताबडतोब सांगितलं की तिला आवाज सहन होत नाही. खुद्द शेठ कोर्टाच्या कामाच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन आला. आत्यानं त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि माझ्याकडे बघितलं. तिचा एक डोळा आधीच मिटलेला, त्यामुळे तिनं डोळा मारला की नाही हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

हसू येतं, पण मला त्या वेळी भीती वाटायची. देवाच्या नावानं खोटं, आणि मी बांबू धरलेला. नवऱ्यापासून मी दुसरं काही लपवलं नव्हतं.

चौथ्या वर्षी आषाढात शेठ घरी आला. खाडीच्या मोठ्या पाण्यात मासा फार कमी झाला होता. वरून कारखान्यांचं पाणी होतंच. शेठ ओट्यावर बसला आणि नवऱ्याला म्हणाला, "फाट्याच्या तोंडाला जाळं लाव. आठ ओहोट्यांत माझे सगळे पैसे फिटतील."

"तितं देवीचं पानी हाय, शेठ."

"देवीचं मी बघतो. पाच नारळ फोडू, साडी नेसवू. देवीला पण समजतं." मग चहा संपवून म्हणाला, "नाहीतर दिवाळीला होडी माझ्या दारात लाव. मला पण घर आहे."

तो गेला. आत्या घरात नव्हती. नवरा जाळं पुढ्यात घेऊन बसला होता, पण हात चालत नव्हते. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "आत्याला सपान परलं तवा तू होतीस ना तिच्यासंगती? खरंच परलेलं?"

मी काय सांगणार? खोटं सांगितलं तर होडी जाणार. खरं सांगितलं तर तो फाट्यात जाळं लावणार, पैसे फिटणार, आणि ती सगळी पिल्लं कोंबड्यांच्या पोटात. होडीशिवाय आम्ही काय खाणार होतो? आणि फाट्याशिवाय तरी पुढे काय खाणार होतो? मला माझ्या बापाचं पोटमाळ्यावरचं जाळं दिसत होतं. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवेना.

"नाही पडलं," मी म्हटलं. "तिनं स्वतःच केलं. बांबू मी धरलेला."

त्यानं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "म्हाईत हाय."

"काय?"

"पयल्या वर्षीच कललं. देवीचं निशान माज्या रुमालाचं हाय. बिडीनं जललेलं भोक हाय त्याला, मी नाय वलखनार? मी म्हटलं, देवी माजा रुमाल घेऊन कशाला येईल?"

मी तोंडाला पदर लावला. मला हसू आलं आणि रडू पण. "मग चार वर्षं गप्प का बसलात?"

"तू का बसलीस?"

दुसऱ्या दिवशी भरतीला त्यानं मला होडीत बसवून फाट्याकडे नेलं. आमच्यात बायका मासे धरायच्या होडीत बसत नाहीत, मी पहिल्यांदाच बसले. त्यानं वल्हं थांबवलं. तिवरांच्या मुळांत पाणी हलत होतं. आधी बारीक मासे उडाले, मग त्यांच्यामागून धप्पकन आवाज झाला, कुणी धोंडा टाकावा तसा. मग दुसरीकडे. नवरा हळूच म्हणाला, "जिताडं. मोठी हायत." मग वल्हं मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता जाळं लावायचा विचार करतोय. तो म्हणाला, "हितं जालं लावलं तर शेठ आठ ओहोट्यांत फिटंल. आनि पुढल्या वर्षी मी परत त्याच्याच दारात, उचल घ्यायला. तवा फेरायला काय असंल? चिखल?"

मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत गळानं होईल?"

"शेठच्या जाल्यात येईल ते शेठचं. गलाला लागंल ते आपलं. यवरंच ठरलंय." हे तो आत्याच्याच आवाजात बोलला असं मला वाटलं.

त्यानं शेठला नाही म्हणून सांगितलं. आत्याला आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही. तिला वाटत होतं देवीवर त्याची श्रद्धा आहे, आणि त्याला वाटत होतं तिला तसंच वाटू द्यावं. आत्या जाऊन आता चार गणपती झाले, पण रुमालाची गोष्ट तिला शेवटपर्यंत कळली नाही. किंवा कळली असेल. तिचं काही सांगता येत नाही.

नारळी पुनव झाली आणि नवऱ्यानं गळ टाकायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन जिताडे, एक चांगला पाच किलोचा. आणि नेमका तेव्हाच कालवाच्या शिंपल्यानं आत्याचा तळपाय कापला. पाय नुसता फुगला, जमिनीला टेकवत नव्हता. माजिवड्याला जाणार कोण? शेजारणीला द्यावा तर ती निम्मे पैसे मागणार. आत्या खाटेवरून म्हणाली, "जा तू. त्यात काय हाय? मासा समोर ठेवायचा नि बोलायचं."

नाक्यावर मी एकटी बसले. इतर बायका ओरडत होत्या. माझ्या समोर पाच किलोचा जिताडा, त्याच्यावर ओला गोणपाट, आणि मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघतेय. तासभर कुणी थांबलं नाही. ऊन वर आलं. बर्फ वितळायला लागला. मला वाटलं, आज हा मासा इथेच सडणार आणि त्याच्याबरोबर होडी पण जाणार. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ थांबले. "ताजा आहे का?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी बोलले. ते वाकले. "काय म्हणालात?"

"ह्यानं चार गणपती बघितलेत," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"म्हणजे?"

मी एक खवला काढला, त्यांच्या हातावर ठेवला आणि हळूहळू सांगितलं. पिल्लू कुठून येतं, कुठे लपतं, आम्ही का सोडतो, कधी धरतो. माझा आवाज एवढा बारीक, की ते आणखी वाकले, त्यांच्यामागे दुसरे वाकले, आणि बघता बघता सहासात माणसं माझ्या टोपलीवर वाकून उभी. पलीकडची कोळीण ओरडली, "काय गो, कानात मंतर देतंस काय?" म्हाताऱ्या गृहस्थांनी खवला उन्हात धरला आणि म्हणाले, "खरंच की हो, रेघा आहेत!" त्यांना दिसल्या. मला वाटतं त्यांचा चष्मा चांगला होता.

मासा तुकडे करून पाऊण तासात संपला. मी मागितला तो भाव मिळाला, आणि मी भीतभीत आत्यापेक्षा पाच रुपये जास्तच मागितला होता. पुढच्या वेळी तीच माणसं परत आली. स्कूटरवाल्या साहेबांनी त्यांच्या कंपनीतल्या चार जणांना आणलं. मी कधीच ओरडले नाही. लोक विचारायचे, "हा किती गणपतींचा?" आणि मी सांगायचे. दोनांच्या आतला एकही मासा माझ्या टोपलीत नव्हता.

आता घोडबंदर रोडला मोठमोठ्या इमारती उठायला लागल्यात, आणि आमच्या फाट्यावरही कुणाकुणाची नजर आहे असं ऐकते. पुढे जिताडा राहील का, मला ठाऊक नाही. पण अजून आषाढात तिथे कुणी जाळं टाकत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना देवीची भीती वाटते म्हणून, आणि निम्म्यांना आता कारण ठाऊक झालंय म्हणून.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही तिघं शेठच्या पेढीवर गेलो. आत्या काठी टेकत आली, नको म्हटलं तरी. पैसे प्लास्टिकच्या पिशवीत होते. शेठनं पिशवी उघडली आणि नाक मुरडलं.

"नोटांना वास येतोय."

"जिताड्याचा हाय," आत्या म्हणाली. "तोंडाला पानी सुटलं तर पूस."

शेठनं नोटा मोजल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता. शेठ म्हणाला, "शंभर कमी आहेत."

मी घरी तीनदा मोजले होते. एवढी माणसं, एवढे मासे, आणि शेवटी शंभरासाठी उचलीचा कागद त्याच्याकडेच राहणार? मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "परत मोजा." माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण पेढीवरच्या सगळ्या माणसांनी माना वळवल्या.

"मी चुकलो असं म्हणतेस?"

"नोटा ओल्या आहेत," मी म्हटलं. "चिकटल्यात."

शेठनं बोटाला थुंकी लावली आणि एकेक नोट सुटी करून ठेवायला सुरुवात केली. मधे एका ठिकाणी दोन नोटांमधे जिताड्याचा खवला निघाला. त्यानं तो नखानं सोडवला, नोटा वेगळ्या केल्या. मोजून झाल्यावर गड्डी दोन्ही हातांनी ठोकून सरळ केली.

"पूर्ण आहेत," तो म्हणाला.

त्यानं उचलीचा कागद आमच्यासमोर फाडला. पुढच्या वर्षी लागले तर या, असं म्हणाला. आत्या म्हणाली, "येऊ की. तुला जिताडा इकायला. पन भाव आमचा."

घरी आलो तेव्हा उन्हं कलली नव्हती. नवऱ्यानं पाय धुतले, चटई टाकली आणि पडला तो झोपलाच. दिवसाची ओहोटी लागली, पाणी उतरलं, काठावरून दुसऱ्यांच्या होड्या निघाल्या. आत्या दुखरा पाय लांब करून आमच्या उंबऱ्यात बसली होती. त्याला हाक मारायला जो कोणी यायचा, त्याच्याकडे बघून ती तोंडावर बोट ठेवायची.